बिऱ्हाड परदेशी, नोकरी देशी

सयाजीराव महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीबरोबर एक करारही लिहून घेतला होता. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, अशी त्यात अट होती. त्याच बडोद्यातून आज निघणाऱ्यांची तऱ्हा न्यारी आहे. नोकरी पुण्याच्या वा बंगलोरच्या कंपनीची, काम संगणकावरचे, आणि बिऱ्हाड मात्र लिस्बनला हलवावयाचे! करार आताही आहेच. तो व्हिसाच्या अर्जात बारीक अक्षरांत दडलेला असतो, इतकेच.

वाडी भागातील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पतिपत्नी, नववीतली मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि मागे राहणारे वृद्ध आईवडील. यांनी कोणत्या देशाचा परवाना घ्यावा? पोर्तुगालने 2022 च्या ऑक्टोबरापासून दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा दिला आहे. तेथील किमान वेतनाच्या चौपट मासिक प्राप्ती दाखवावी लागते. 2025 साली ते वेतन 870 युरो होते, म्हणजे अट 3480 युरोंची झाली. आपल्या हिशेबाने महिना तीन लाखांच्या वरच. त्यातही दोन प्रकार आहेत. एक वर्षभराच्या तात्पुरत्या मुक्कामाचा, दुसरा पुढे निवासपत्र मिळवून देणारा. स्वस्त व सुटसुटीत म्हणून पहिला घेणारा वर्षाअखेरीस पुन्हा दाराशी उभा राहतो. शिवाय कुटुंबीयांना मागाहून बोलावण्याचे नियम त्या देशाने 2025 मध्ये कडक केले. "आधी मी जातो, मग तुम्ही या" ही आपली जुनी रीत आता निर्धास्तपणे चालणार नाही. स्पेनच्या 2022 च्या कायद्यात मात्र कुटुंबाचा अर्ज बरोबरच करता येतो.

थायलंडने 2024 साली आणलेला पाच वर्षांचा व्हिसा ऐकावयास गोड वाटतो. पाच लाख बाट शिल्लक दाखवली की काम होते. पण एका प्रवेशात मुक्काम 180 दिवसांचा! एकट्या तरुणास हे ठीक; नववीतल्या मुलीच्या शाळेचे काय? तिच्या दृष्टीने दुबई उजवी ठरते. तेथे केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या शाळा पुष्कळ आहेत, आणि महिना 3500 डॉलर मिळवणाऱ्यास कुटुंबासह वर्षाचा परवाना मिळू शकतो. दहावीची परीक्षा उरकेपर्यंत तो मार्ग, मग युरोप, असा क्रम आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो.

याहून मोठी अडचण घरच्या कपाटात असते. लग्नात नाव बदलण्याची आपली चाल! जन्मदाखल्यावर एक नाव, पदवीपत्रावर तेच, पासपोर्टवर सासरचे दुसरे, आणि विवाहनोंदणी केलेलीच नाही. लग्नपत्रिका वकिलातीत चालत नाही. दाखल्यांवर परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि गुजराती मजकुराचे अधिकृत भाषांतर यांत महिने जातात. म्हणून देश ठरण्याआधीच ही कामे हाती घ्यावीत.

आणि मालकाची लेखी संमती? पुष्कळ जण ती शेवटी मागतात. परमुलुखात बसलेल्या नोकरामुळे तेथील कर आपल्या मानेवर बसेल, या धास्तीने कंपन्या ती सहजी देत नाहीत. पोर्तुगालात वर्षात 183 दिवसांहून अधिक राहिल्यास तेथील करदाते व्हावे लागते. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन गुपचूप काम करण्याचा सल्ला देणारे दलाल यातले काहीच सांगत नाहीत. पकडला जातो तो सल्ला घेणारा.

गोव्यातील पुष्कळांनी 1961 पूर्वीच्या जन्मनोंदीच्या आधारे लिस्बनचे नागरिकत्व घेतले आणि भारताचे गमावले. वाडीच्या कुटुंबाला तो दरवाजा नाही, ही आमच्या मते उणीव नव्हे. निवासपरवाना घेणाऱ्याचा पासपोर्ट भारताचाच राहतो. आईवडील आजारी पडले तर तो हाती घेऊन बडोद्यास कोणत्याही दिवशी परतता येते. मात्र परवाना टिकवण्यासाठी देशाबाहेर किती दिवस राहता येते, तेवढे कलम अर्जावर सही करण्यापूर्वी वाचून ठेवावे.