घुबड ओरडले म्हणून कोणी मरत नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एक आजी आजारी पडल्या. त्याच दिवसांत त्यांच्या खिडकीसमोरच्या तारेवर रोज रात्री घुबड येऊन बसू लागले. बायका कुजबुजू लागल्या, "बोलावणं आलं." ते आजींच्या कानावर गेले आणि त्यांनी जेवणच सोडले. दोन पोरे चिंचेच्या ढोलीत पेटते बोळे कोंबायला निघाली. आम्ही त्यांना अडवले. म्हटले, ते येते कशाला, हे एक रात्र बघू तरी!

बघितले. आजारी माणसाच्या घरातला दिवा रात्रभर जळत होता. उजेडावर पावसाळी किडे जमत होते आणि घुबड तारेवरून झेप घेऊन एकेक किडा टिपत होते. एवढेच! आजींना खिडकीशी बसवून दाखवले. "मेलं किडं खातंय व्हय!" म्हणून त्या हसल्या. सकाळी त्यांनी भाकरी मागितली. पुढे त्या बऱ्या झाल्या, पण ते औषधाने. घुबडाने बरे केले असेही आम्ही म्हणणार नाही.

तो पक्षी होता पिंगळा. साळुंकीएवढा, पण गुबगुबीत. करड्या-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळे. माणूस दिसला की मान खालीवर करतो. दिवेलागणीला जोडीने चिरक्या आवाजात ओरडतो.

लोक ज्याला भूत समजतात ते बहुधा गव्हाणी घुबड. जुन्या इमारतींत, गोदामांत राहते. चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा. डोळे काळे. आवाज किंकाळीसारखा. पंखांच्या कडेला फणीसारखी झालर असल्याने उडताना आवाज होत नाही. डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मान २७० अंशांपर्यंत वळते. माणसाच्या मानेत ७ मणके असतात, घुबडाच्या १४. यात कसली करणी नाही. उंदीर हे त्याचे मुख्य अन्न. न पचलेली हाडे आणि केस यांचा गोळा ते तोंडातून टाकते. त्याच्या बैठकीखाली असा वाळलेला गोळा सापडला तर काडीने उकलून मुलांना उंदराची कवटी दाखवा. मग हात धुवा.

दिवसाचे शिकारीही ओळखायला सोपे आहेत. शेपटीला खाच दिसली की घार. पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग, लाल डोळे आणि शेतावर एकाच जागी पंख फडफडवत थांबणारी ती कापशी. कबुतराएवढा, छातीवर तांबूस आडवे पट्टे असलेला तो शिक्रा. मी कारकून माणूस, नोंदीशिवाय चैन पडत नाही. तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करत होता, एवढे वहीत लिहावे. दुर्बीण नसली तरी चालते. मात्र घुबडाच्या डोळ्यांवर बॅटरी मारू नये आणि ढोलीत हात घालू नये.

अशा पाहण्याला किंमत असते. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला सापडले नव्हते. ते नामशेष झाले असे बऱ्याच जणांनी धरले होते. १९९७ साली आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, ते पुन्हा दिसले. पुढे मेळघाटातही आढळले.

उलट अडाणीपणाचीही किंमत असते, आणि ती घुबड भरते. जादूटोण्यासाठी घुबडे पकडून विकली जातात, हे ट्रॅफिक इंडियाच्या २०१०च्या अहवालाने उघड केले. दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास हा धंदा वाढतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड मारणे, पकडणे, विकणे गुन्हा आहे. असे काही दिसले तर वन खात्याला कळवा.

लहानपणी आम्हाला सांगत, घुबडाला दगड मारला तर ते तो दगड पाण्यात घासत बसते, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. बंधू-भगिनींनो, त्या भीतीने दगड खाली ठेवू नका. त्या घरात दिवा का जळतो आहे, हे आधी बघा. दगड आपोआप हातून सुटेल.