धुळे जिल्ह्यातील अपारंपरिक ऊर्जा : व्यवहार्यता आणि अर्थकारण

अपारंपरिक ऊर्जेच्या चर्चेत भर असतो तो स्थापित क्षमतेच्या आकड्यांवर. वीज कोणत्या महिन्यात व दिवसाच्या कोणत्या प्रहरी मिळते, हा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. धुळे जिल्ह्याच्या संदर्भात मात्र तोच निर्णायक होय.

साक्री तालुक्यातील पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. तेथे वाऱ्याचा जोर प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात असतो. नेमक्या याच काळात कृषिपंपांची मागणी कमी असते. सौरऊर्जेची स्थिती याच्या उलट आहे. पावसाळा सरल्यावर आकाश स्वच्छ असते आणि रब्बी व उन्हाळी पिकांचे सिंचनही तेव्हाच चालते. त्यामुळे ही दोन साधने परस्परपूरक ठरतात. महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१३ साली याच तालुक्यात कार्यान्वित झाला.

२०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने उपकेंद्राजवळील लहान प्रकल्पांचा मार्ग स्वीकारला. अशा निर्मितीमुळे वहनातील गळती घटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठा लाभ म्हणजे दिवसा मिळणारी वीज. साप आणि बिबट्याच्या भीतीत रात्री पाणी भरण्याची वेळ त्यामुळे टळते.

आर्थिक बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे व दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. १ मेगावॅटसाठी सुमारे ४ एकर जमीन धरल्यास प्रारंभीचे भाडे २ लाख रुपये होते. क्षमतेचा १९ टक्के वापर गृहीत धरल्यास तेवढ्या प्रकल्पातून वर्षाला सुमारे १६.६ लाख युनिट वीज मिळते. युनिटला ३ रुपये दर मानला तर उत्पन्न ५० लाखांच्या आसपास जाते. म्हणजे जमीनधारकाचा वाटा सुमारे ४ टक्के. कर्जफेड व देखभाल यांचा भार पाहता हे प्रमाण अगदीच अन्याय्य म्हणता येणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्यास निश्चित उत्पन्नही मिळते. तथापि भागभांडवलात शेतकऱ्यांचा सहभाग नसेल, तर त्यांचे स्थान भाडे घेणाऱ्याचेच राहते. सहकाराची परंपरा असलेल्या राज्यात या पर्यायाचा पुरेसा विचार होऊ नये, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

जमिनीचा प्रश्न येथे केवळ सैद्धांतिक नाही. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथे वीजप्रकल्पासाठी संपादित जमिनीच्या मोबदल्यावरून २०१८ साली राज्यभर वाद उसळला होता. भाडेपट्ट्यात मालकी कायम राहते, हा फरक महत्त्वाचा आहे. परंतु भाडे सातबाऱ्यावर नाव असलेल्यासच मिळते. त्याच जमिनीवर वाट्याने शेती करणारा किंवा मजुरीला जाणारा या हिशेबात कोठेच येत नाही.