काळ्यापांढऱ्या छायाचित्राचे आयुष्य



मी व्यासपीठावर उभा राहिलो म्हणजे पगारवाढीवर किंवा बोनसवर बोलणार, असा आपला समज असावयाचा. परंतु आज मी छायाचित्राच्या शाईविषयी बोलणार आहे. मी रसायनशास्त्र शिकलेला नाही. जे कळले ते गरजेपोटी, वाचून आणि विचारून कळले. ती गरज अशी.

१९८२ सालच्या मुंबईतील गिरणी संपात झालेल्या एका द्वारसभेचे छायाचित्र आमच्या युनियनच्या कचेरीत आहे. मूळ छायाचित्र हाताएवढे. काही वर्षांपूर्वी आम्ही त्याची मोठी प्रत इंकजेट प्रिंटरवर काढून घेतली आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगली. तीन पावसाळे गेले, आणि करड्या रंगाचे चेहरे तांबूस होऊन पुसट दिसू लागले. कपाटातले मूळ मात्र जसेच्या तसे! जुने टिकावे आणि नवे जावे, हे कसे?

जुन्या छायाचित्रातला काळेपणा म्हणजे शाई नव्हेच. जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले ते चांदीचे सूक्ष्म कण होत. धुणाऱ्याने हायपो नीट धुऊन काढला नसेल तर तेही पिवळे पडते. आमच्या छायाचित्रकाराने ते काम चोख केले होते, म्हणून मूळ शाबूत राहिले.

इंकजेटचे तंत्र निराळे. येथे शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर पडतात. पुष्कळ प्रिंटर करडा रंग केवळ काळ्या शाईने काढीत नाहीत. निळी, किरमिजी आणि पिवळी यांच्या मिश्रणाने काढतात. या तिन्ही शाया सारख्या वेगाने उडत नाहीत. निळी आधी उडाली की करडा रंग तांबडा होतो. रंगीत चित्रात हा फरक खपून जातो. काळ्यापांढऱ्यात तो चटकन डोळ्यांत भरतो.

त्यातही शायांचे दोन प्रकार आहेत. पहिलीत रंग पाण्यात असा विरघळलेला असतो, जशी चहात साखर. तिला डाय शाई म्हणतात. दुसरीत रंगाची अतिबारीक पूड असते. ती पिगमेंट शाई. डायचा प्रत्येक रेणू एकटा असतो. प्रकाशाचा मारा त्याच्यावर सरळ होतो. पिगमेंटच्या कणात असंख्य रेणू एकत्र असतात. बाहेरच्यांनी मार खाल्ला तरी आतले वाचतात. एकट्या कामगाराची आणि संघटित कामगारांची गोष्ट याहून वेगळी नाही.

शत्रू केवळ प्रकाश नव्हे. हवेतला ओझोनही रंग खातो. झटपट वाळणारा कागद सच्छिद्र असल्याने त्यात तो सहज शिरतो. उजेडात पुष्कळ वर्षे टिकतील म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रती २००० सालच्या सुमारास थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडल्या, त्या ओझोनमुळेच. शिवाय दमट हवेत डाय शाई कागदात पसरते, हे पावसाळ्यात आपणांस पाहावयास मिळते.

मग टिकाऊ काय? उत्तर जुनेच आहे: काजळ, म्हणजे कार्बन. काजळ आणि डिंक यांच्या शाईने लिहिलेल्या आपल्या पोथ्या शतकानुशतके काळ्या राहिल्या. आज काजळाच्याच गडद-फिक्या शाया प्रिंटरमध्ये भरून संपूर्ण छायाचित्र छापता येते. मात्र कार्बनची छटा किंचित तपकिरी दिसते. ती झाकण्यासाठी रंगीत पिगमेंट मिसळले, तर आधी तेच उडते.

"शंभर वर्षे टिकेल" अशी जाहिरात वाचली, तर तिचा हिशेब विचारावा. अमेरिकेतील हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेच्या चाचणीत प्रखर दिव्याखाली प्रत लवकर झिजवतात आणि रोज बारा तास ४५० लक्स उजेड धरून वर्षे काढतात. म्हणजे वर्षाला सुमारे वीस लाख लक्स-तास. आपल्या भिंतीवर याच्या दुप्पट उजेड असेल तर आयुष्य निम्मे समजावे. पगारपत्रकावरील आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांतला हा फरक आहे.

तेव्हा दुकानदाराला प्रथम विचारा: शाई डाय की पिगमेंट? कागद शक्यतो सुती आणि आम्लरहित घ्या. फार शुभ्र दिसण्यासाठी चमक घातलेला कागद पुढे पिवळसर पडतो. प्रत काचेआड लावा, परंतु काचेला चिकटू देऊ नका. तिच्यावर ऊन येऊ देऊ नका. पैसे नसतील तर साधी झेरॉक्सही काढून ठेवा. तिच्या काळ्या पुडीत सामान्यतः कार्बनच असतो. आणि मूळ छायाचित्र कधीही टाकू नका.

आम्ही पिगमेंट शाईची नवी प्रत काढली. मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावयास बसलो, तेव्हा सात चेहऱ्यांची नावे सांगणारे कोणी उरले नव्हते. त्यांचे चेहरे आता टिकतील, पण ते कोण होते हे कोणाला सांगता येणार नाही. म्हणून आपणांस एकच विनंती. आज घरी गेल्यावर भिंतीवरचे एक छायाचित्र खाली उतरवा, आणि ज्यांना आठवते त्यांना विचारून त्याच्या पाठीवर नावे लिहा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.