फिनॉलयुक्त पाणी आणि फेंटनची अभिक्रिया

सन १८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी जखमा चिघळू नयेत म्हणून त्यांवर कार्बॉलिक आम्ल वापरले. कार्बॉलिक आम्ल म्हणजेच फिनॉल. आज तेलशुद्धीकरण, कोकभट्ट्या आणि बेकेलाइटसारखी रेझिने बनवणारे कारखाने यांच्या सांडपाण्यात ते आढळते. सांडपाणी शुद्ध करण्याची नेहमीची रीत जिवाणूंवर अवलंबून असते. फिनॉल विरल असेल तर सरावलेले जिवाणू ते खातात. प्रमाण फार वाढले की जिवाणूच मरतात. शेवटी ते जंतुनाशकच आहे!

मग क्लोरीन वापरावा काय? क्लोरीन फिनॉलच्या वलयाला जोडला जातो आणि क्लोरोफिनॉले तयार होतात. त्यांचा औषधासारखा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. म्हणजे आपल्याला वलयच तोडणारा ऑक्सिडीकारक हवा.

तो मिळवण्याची एक रीत शंभरहून अधिक वर्षे जुनी आहे. टार्टारिक आम्लाच्या द्रावणात थोडे फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की आम्लाचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते, हे एच. जे. एच. फेंटन यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. फेरस आयन पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देतो, पेरॉक्साइडचा रेणू दुभंगतो आणि हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. या मूलकाचा सहभाग हाबर आणि वाइस यांनी १९३४ मध्ये मांडला. त्याचा ऑक्सिडीकरण विभव सुमारे २.८ व्होल्ट आहे, क्लोरीनचा १.३६. मात्र हा मूलक अत्यंत अल्पायुषी असल्याने पाण्यातच तयार करावा लागतो. ओझोन, अतिनील किरण किंवा लोह यांच्या साहाय्याने तो जागीच निर्माण करणाऱ्या सर्व पद्धतींना ‘प्रगत ऑक्सिडीकरण’ म्हणतात.

फेंटनच्या पद्धतीत पाण्याचा सामू सुमारे ३ ठेवतात, त्यात हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवतात आणि पेरॉक्साइड हळूहळू सोडतात. रंगहीन पाणी प्रथम तपकिरी होते! फिनॉलपासून कॅटेकॉल व हायड्रोक्विनोन आणि त्यांपासून क्विनोने बनतात. हा रंग त्यांच्यामुळे येतो. हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन ही फिनॉलपेक्षाही अधिक विषारी असतात. पुढे वलय फुटते, मॅलेइक, ऑक्झॅलिक, फॉर्मिक अशी आम्ले तयार होतात आणि रंग ओसरतो. शेवटी चुन्याने सामू वाढवला की लोह तांबूस गाळाच्या रूपाने खाली बसते. या गाळाची विल्हेवाट हा या पद्धतीचा एक तोटा आहे.

मग सर्व फिनॉलचा कार्बन डाय-ऑक्साइडच का करू नये? विद्यार्थ्यांनी हे समीकरण स्वतः संतुलित करून पाहावे. फिनॉलच्या एका रेणूला पेरॉक्साइडचे १४ रेणू लागतात. त्यातून कार्बन डाय-ऑक्साइडचे ६ आणि पाण्याचे १७ रेणू मिळतात. वजनात हिशेब केला तर ९४ ग्रॅम फिनॉलला ४७६ ग्रॅम, म्हणजे पाचपटींहून अधिक पेरॉक्साइड लागते, आणि प्रत्यक्षात काही वायाही जाते. शिवाय ऑक्झॅलिक आम्ल लोहाशी जोडले जाऊन अभिक्रियेला दाद देत नाही. ते तोडण्यास प्रकाशाची मदत घ्यावी लागते.

म्हणून शहाणपणाचा मार्ग मधला आहे. रसायनाने वलय फोडावे आणि उरलेली आम्ले जिवाणूंच्या स्वाधीन करावीत. ती त्यांना पचतात. पण मधला म्हणजे कोठेही नव्हे. खर्च वाचवण्यासाठी तपकिरी टप्प्यावरच थांबलो, तर तपासणीत फिनॉल ‘कमी झाले’ असे दिसेल आणि नदीत मात्र अधिक घातक पाणी जाईल. यासाठी केवळ फिनॉल न मोजता एकूण सेंद्रिय कार्बन आणि पाण्याची विषारिता हीही मोजावी लागतात.

फिनॉल त्वचा भाजते, तेव्हा हा प्रयोग वर्गात करू नये. परंतु ‘पदार्थ नाहीसा झाला’ असे कोणी म्हटले, तर ‘त्याचे काय झाले?’ हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा.