आपला कोण, परका कोण?

कोळशाच्या खाणीतल्या संपावरचा इंग्रजी चित्रपट आज रात्री सर्वांनी मिळून बघायचा, असे मी जाहीर केले तेव्हा घरातल्या मंडळींनी सरळ नाके मुरडली. सुट्टीचे दिवस, फराळाचे डबे भरलेले, आणि यांना खाणकामगार आठवतात! पण माझाही हट्ट होता. ‘मेटवान’ मी प्रथम पाहिला त्याला पुष्कळ वर्षे झाली. त्यातला एक प्रसंग तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसला आहे. तो मला पुन्हा पाहायचा होता, आणि एकट्याने पाहायचा नव्हता.

चित्रपट १९८७ सालचा. लेखक आणि दिग्दर्शक एकच, जॉन सेल्स. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, केंटकीच्या सीमेवर, टग फोर्क नदीच्या काठी मेटवान नावाचे चिमुकले गाव आहे. तेथे १९२० साली घडलेल्या संपाची ही हकिगत. हॅस्केल वेक्सलर या छायालेखकाने ती अशा मंद, धुरकट उजेडात टिपली आहे की कोळशाची भुकटी आपल्याच नाकात गेल्यासारखे वाटावे. या कामासाठी त्याचे नाव ऑस्करच्या यादीत गेले होते. बक्षीस मिळाले नाही, ते सोडा.

गाव कंपनीचे होते, म्हणजे अगदी शब्दशः कंपनीचे. राहते घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, आणि मजुरी मिळायची ती कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या चिठ्ठ्या-बिल्ल्यांत. अलाबामातून आणलेल्या निग्रो मजुरांना कंपनीचा माणूस पहिल्या दिवशी नियम वाचून दाखवतो, तो प्रसंग ऐकण्यासारखा आहे. तुम्हांला येथे आणले त्या रेल्वेचे भाडे पगारातून कापले जाईल, हत्यारांचे पैसे कापले जातील, सुरुंगाची दारूही तुमच्याच खर्चाची. गडी खाणीत उतरण्यापूर्वीच कर्जात! आमच्या सौभाग्यवतींचे विणकाम येथे थांबले. “म्हणजे वाण्यानेच पगार ठेवून घ्यायचा आणि आपल्याला नुसती उधारीची वही द्यायची!” त्या म्हणाल्या. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला हे इतक्या थोडक्यात सांगता आले असते की नाही, मला शंका आहे.

या गावात ज्यो केनहॅन नावाचा संघटक रेल्वेने येऊन उतरतो. ख्रिस कूपर या नटाची ही पडद्यावरची पहिलीच भूमिका. पुढे त्याला ऑस्कर मिळाले ते दुसऱ्या चित्रपटासाठी, पण त्याचे शांत, किंचित थकलेले डोळे मला येथेच अधिक आवडले. ज्यो येतो तेव्हा गावात कामगारांच्या तीन जाती पडलेल्या आहेत. डोंगरातले मूळचे गोरे, नुकतेच आलेले इटालियन आणि अलाबामाचे काळे. गोरे संपावर आहेत. काळ्यांना आणि इटालियनांना संप फोडायला आणले आहे, आणि आपल्याला कशासाठी आणले हे त्यांतल्या पुष्कळांना येथे येईपर्यंत ठाऊकही नाही.

संपवाल्यांची गुप्त बैठक भरलेली असताना दारात एक धिप्पाड काळा माणूस येऊन उभा राहतो. त्याला सगळे ‘फ्यू क्लोद्स’, म्हणजे तोकड्या कपड्यांचा, म्हणून ओळखतात. भूमिका जेम्स अर्ल जोन्सची. लोक त्याच्या अंगावर धावून जातात, त्याच्या रंगावरून शिव्या देतात. त्या तो गिळतो. अशा शिव्या त्याला जन्मभर पुरल्या आहेत. पण ‘संपफोड्या’ ही शिवी मात्र तो गिळत नाही. मी तुमच्याइतकाच कोळसा काढतो, मला तुमच्याइतकाच दाम हवा, एवढेच त्याचे म्हणणे. आणि मग ज्यो बोलू लागतो. या माणसाला बाहेर ठेवाल तर तुमची संघटना नव्हे, ती कंपनीला हवी तशी टोळी होईल, असा त्याच्या बोलण्याचा रोख. माझ्या मते संघटना जन्मते ती त्या खोलीत. पुढे बंदुका उडतात, माणसे पडतात, पण अवघड काम त्या दारातच होऊन गेलेले असते.

कंपनी घरे खाली करायला लावते. संपवाले नदीकाठच्या रानात तंबू ठोकतात. सुरुवातीला एकमेकींकडे संशयाने बघणाऱ्या बायका आता एकाच रानात चुली मांडतात. एका रात्री कोणी फिडल वाजवत असतो, तर इटालियन आपले मेंडोलिन काढतो आणि पलीकडून एक काळा गडी बाजाच्या पेटीत फुंकर घालतो. तीन निरनिराळे सूर बिचकत बिचकत एका गतीवर येतात. संवाद एकही नाही. धाकट्याने येथे चकली खायची थांबवली, यापेक्षा मोठी पावती मी काय देऊ?

आता तो प्रसंग. संपवाल्यांत बसणारा लाइव्हली हा आतून कंपनीच्या गुप्तहेरांचा माणूस. तो एक बनावट पत्र पुढे करतो, एका भोळ्या बाईला भरीला घालून ज्योवर भलताच आळ आणतो, आणि ज्योच फितूर आहे असे सर्वांना पटवतो. हेच लोक कालपर्यंत ज्योच्या शब्दावर उपाशी राहिले होते. ते आता चिठ्ठ्या टाकतात. ज्योला मारायची चिठ्ठी येते फ्यू क्लोद्सच्याच हाती. रात्री शेकोटीजवळ दोघे बसले आहेत. ज्योला काही ठाऊक नाही. तुरुंगात भेटलेल्या मेनोनाइट पंथाच्या कैद्यांची गोष्ट तो सांगतो आहे. बटण लावणे त्यांच्या धर्माला मान्य नव्हते. त्यांना गजांना हात बांधून ठेवले, बोटे सुजली, तरी हात सुटताच ते कैद्याच्या अंगरख्याची बटणे तोडून टाकीत. फ्यू क्लोद्स ऐकतो आहे, आणि आपल्याला त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

मला बघवत नाही याला कारण आहे. आमच्या कचेरीत एकदा अठरा दिवस संप झाला होता. आमच्या बैठकीतले बेत साहेबांच्या कानी जातात अशी कुजबुज सुरू झाली, आणि बोट दाखवले गेले ते माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांकडे. नऊ वर्षे आम्ही एकमेकांचे डबे वाटून खाल्ले होते. संप मिटून कामावर गेलो त्या दिवशी मी माझा डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो. कोणी सांगितले नव्हते. पुढे वर्षभराने कळले की बातमी फुटत होती ती आमच्याच एका बोलक्या पुढाऱ्याच्या रेल्वेच्या डब्यातल्या गप्पांतून. मी परत जुन्या टेबलावर आलो. त्यांनी काही विचारले नाही, मीही काही बोललो नाही. आजही दिवाळीला त्यांचे पत्र येते, मीही धाडतो. त्यात सगळ्यांच्या प्रकृतीची चौकशी असते.

चित्रपटात ज्यो वाचतो तो डॅनी नावाच्या पोरामुळे. हा खाणीत राबतो आणि देवळात प्रवचनही देतो. हेरांचे हसणे-खिदळणे त्याने चोरून ऐकलेले असते. ते दोघे हेर समोरच्या बाकावर बसलेले असताना तो बायबलातली जोसेफ आणि पोटिफरच्या बायकोची गोष्ट सांगू लागतो, पण थोडी फिरवून. कळायचे त्यांना कळते आणि एक जण मागल्या पावली धावत सुटतो. हेर आपले जांभया देत बसलेले! आमच्याकडे या ठिकाणी टाळ्या पडल्या.

इतिहास मात्र इतका कनवाळू नाही. ज्यो केनहॅन हा सेल्सच्या कल्पनेतला माणूस. मारामारी नको म्हणणारा संघटक त्याने मुद्दाम निर्माण केला, आणि शेवटी गोळीबारात बिनहत्यारी मारला. १९ मे १९२० रोजी बाल्डविन-फेल्ट्स कंपनीचे हेर कामगारांची बिऱ्हाडे रस्त्यावर काढून परत गाडीने निघाले असताना गावात चकमक उडाली. सात हेर, दोन कामगार आणि गावचा महापौर टेस्टरमन असे दहा जण गेले. कामगारांच्या बाजूने उभा राहिलेला पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड हा खरा माणूस; डेव्हिड स्ट्रॅथेर्नने तो फार छान उभा केला आहे. पुढल्या वर्षी, ऑगस्ट १९२१ च्या अखेरीस, सुमारे दहा हजार खाणकामगार हत्यारे घेऊन ब्लेअर डोंगराकडे चालून गेले, तेव्हा सरकारला पलटण आणावी लागली. संघटना मोडली, आणि पुन्हा उभी राहायला १९३३ साल उजाडावे लागले. चित्रपट यांतले फारसे दाखवत नाही. दाखवायला हवे होते, असे मला वाटत नाही.

पण लाइव्हली कल्पित नव्हता. तो संघटनेचा सभासद होता आणि मेटवानमध्ये उपाहारगृह चालवीत असे. संपवाले त्याच्याकडे खात, मनातले बोलत, आणि सगळे हेरांच्या कचेरीत पोचे. तेव्हा संशय घेऊच नये असे तरी कसे म्हणावे? १ ऑगस्ट १९२१ रोजी सिड हॅटफील्ड आणि त्याचा मित्र एड चेंबर्स आपापल्या बायकांसह वेल्च गावच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. जवळ हत्यार नव्हते. हेरांनी त्यांना तेथेच गोळ्या घातल्या, आणि गोळ्या घालणाऱ्यांत लाइव्हली होता. चेंबर्सच्या बायकोने हातातल्या छत्रीने त्याला मारले. खटला झाला, स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली असे ठरले, आणि लाइव्हली सुटला.