मुरबाडला दुरुस्त होणारी गाडी

समृद्धी महामार्ग नागपूरहून ७०१ किलोमीटर येऊन भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. कल्याणकरांच्या अगदी अंगणात, पण दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही आणि अटल सेतूवरही नाही. सेकंड हॅण्ड अ‍ॅडव्हेंचर बाईक शोधणाऱ्या ठाणे-डोंबिवलीकराने विचाराला सुरुवात इथून करावी. ‘हायवेला दम पाहिजे’ म्हणत आपण ज्या जड, महागड्या गाड्यांच्या मागे लागतो, त्या पळवायचे रस्ते आपल्याला बंदच आहेत. उरतो नाशिक हायवे, मुरबाडवरून माळशेज, शहापूरहून डोळखांबकडे जाणारा रस्ता, जव्हार-मोखाड्याची वळणं. आणि सोमवार ते शुक्रवार शिळफाटा रोड नाहीतर घोडबंदर, जिथे मेट्रोच्या कामाने रस्त्याचा रोज नवा नकाशा होतो. खरं ऑफ-रोडिंग बऱ्याचदा तिथेच घडतं.

या रस्त्यांना पुरून उरणारी आणि खिशाला झेपणारी गाडी मला विचाराल तर एकच आहे, हिरो एक्सपल्स २००. तिची पूर्वज इम्पल्स. होंडापासून वेगळं झाल्यावर हिरोने २०११ मध्ये ती आणली. दीडशे सीसीचं इंजिन, उंच बांधा, मागे मोनोशॉक. घराणं होंडाच्या ब्राझीलमधल्या एनएक्सआर ब्रॉसचं. गाडी चांगली होती, गिऱ्हाईक तयार नव्हतं. त्याच सुमारास त्याच पैशांत चकचकीत, वेगवान दीडशे सीसीच्या गाड्या मिळत होत्या, तेव्हा हा उंच सांगाडा कोण घेणार? इम्पल्स बंद पडली आणि मग तिला मागणी आली! आजही एखादी नीट ठेवलेली इम्पल्स दिसली तर चार लोक थांबून बघतात. पण पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये. इंजिनाचं सामान जुळवता येतं, प्लास्टिक आणि बॉडीच्या सुट्या भागांसाठी मात्र फिरत बसावं लागतं.

एक्सपल्स १ मे २०१९ रोजी आली. कार्ब्युरेटरवाली ९७ हजारांना, फ्युएल इंजेक्शनवाली १ लाख ५ हजारांना, दोन्ही किमती एक्स-शोरूम. भाव करताना हे आकडे तोंडपाठ असावेत. सहा वर्षं वापरलेल्या गाडीला विकणारा ‘अ‍ॅक्सेसरीज लावल्यात’ म्हणून नवीच्या आसपासची किंमत सांगतो, तेव्हा ते उपयोगी पडतात. ताकद १८.४ पीएस, वजन दीडशे किलोच्या थोडं वर. आकड्यांत हे फार नाही. पण जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, पुढच्या शॉकअपला १९० मिलिमीटरचा प्रवास, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची आऱ्यांची चाकं हा सगळा सरंजाम मुळात लाखाच्या घरातल्या गाडीला मिळाला, हे त्या वेळी भारतात नवंच होतं.

२१ इंची चाकाचं महत्त्व सांगायला पाहिजे. चाक जितकं मोठं, तितकी खड्ड्याची कड किंवा दगड त्याला कमी उभा भेटतो. सतरा इंची चाक जिथे आदळतं, तिथून हे चढून जातं. अलॉय व्हील जोरात आपटलं तर तडा जातो, आऱ्यांची रिम वाकते आणि मिस्त्री ती ठोकून सरळ करून देतो. याची किंमतही मोजावी लागते. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते, त्यामुळे ट्यूबलेस टायरला नाक्यावरचा पंक्चरवाला जशी पाच मिनिटांत दोरी घालून मोकळा होतो, तशी सोय इथे नाही. चाक काढावं लागतं. टोकावडेच्या पुढे पंक्चर झालं आणि जवळ ट्यूब, लिव्हर आणि पंप नसेल, तर माळशेजचं धुकं बघत बसायला भरपूर वेळ मिळतो.

मग हिमालयन का नको, असं विचारणारे हमखास भेटतात. रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ मध्ये आली. मागे माणूस आणि सामान घेऊन लांब जायचं असेल तर ती एक्सपल्सपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. तिची सीट ८०० मिलिमीटर, एक्सपल्सची त्याहून वीसेक मिलिमीटर उंच, म्हणजे बेताच्या उंचीच्या माणसाला हिमालयनच सोयीची. पण तिचं वजन सुरुवातीच्या मॉडेलपासून बीएस-६ पर्यंत वाढत १९९ किलोवर गेलं. आपल्यापैकी बहुतेक जण एकटे फिरतात, आणि गाडी आडवी होते ती हायवेवर नाही, शेताच्या बांधाला वळवताना. तिथे चाळीसेक किलोंचा फरक कमरेला कळतो. डोंबिवलीच्या सोसायटीत दोन स्कूटरच्या फटीतून रोज सकाळी गाडी मागे ओढायची असेल तर तो आणखी लवकर कळतो. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर उत्तम यंत्र आहे, पण तिच्या देखभालीच्या खर्चाने ‘परवडणारी’ हा शब्दच निकालात निघतो.

एक्सपल्समध्येही तीन पिढ्या आहेत. २०१९ ची बीएस-४ सर्वांत हलकी. २०२० ची बीएस-६, जिला ऑइल कूलर मिळाला पण ताकद किंचित उतरली. आणि २०२१ च्या अखेरीची ४व्ही, १९.१ पीएसची, नाशिक हायवेवर थोडी निवांत धावणारी. लडाखच्या उंचीवर जायचं असेल तर इंजेक्शन हवंच, कारण विरळ हवेचा हिशोब ते स्वतः जुळवतं. जायचं नसेल तर कार्ब्युरेटरच्या गाडीला नाकं मुरडू नयेत. मुरबाडच्या बाजारातला मिस्त्री ती पान्यावर जागेवर उघडतो, इंजेक्शनचा सेन्सर रुसला तर मात्र स्कॅनर असलेलं वर्कशॉप शोधावं लागतं. फक्त आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. म्हणून जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप आणि ओरिंग आधी बघावेत. भेगा असतील तर खर्च किरकोळ, दुर्लक्ष महागात.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. मालकाने ‘आत्ताच फिरवून आणली’ म्हटलं की पुन्हा दुसऱ्या दिवशी यावं. उकिडवं बसून इंजिनाखालची पत्र्याची प्लेट बघावी. तिच्यावर चार ओरखडे असले तर हरकत नाही, ती त्यासाठीच आहे, पण ती आत दबली असेल तर गाडी कुठे आणि कशी आपटली ते विचारावं. पुढचं चाक वर उचलून हॅन्डल डावी-उजवीकडे फिरवावं. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. शॉकअपच्या नळीवर तेलाची रेघ दिसली तर सील गेलं. आऱ्यांवर पेनाने टिचक्या मारत जावं, जो बोदा वाजेल तो ढिला. जादा दिव्यांसाठी वायरिंग कापलेली असेल तर मी अशा गाडीपासून चार हात लांब राहतो. पावसात, नेमकी रात्री घाटात, ती कधी रुसेल ते सांगता येत नाही.

आपल्याकडची एक खास तपासणी पुराची आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, ती सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्याच पाण्यात उल्हास नदीकाठच्या सोसायट्यांचं पार्किंगही गेलं. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण सीटखालच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, हिरवट पडलेले वायरचे सॉकेट, हेडलाइटच्या काचेआडचा गंज हे लपत नाही.

‘लडाख झालं, आता विकायची’ अशा गाड्या बाजारात बऱ्याच असतात. त्यांना घाबरण्याचं कारण नाही. महिन्यातून एकदा धूळ झटकून चालू केलेल्या गाडीपेक्षा एकदा लांब पळालेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी बरी. रॅली किट लावलेली मात्र नवशिक्याने घेऊ नये. ती आणखी उंच असते, आणि ज्याने ते किट लावून घेतलंय त्याने ते वापरलेलंही असणार.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण सर्वाधिक पैसे तिथेच बुडतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार नको. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमा आपल्या नावावर करून घ्यायलाही १४ दिवसच असतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, म्हणजे २०१९ च्या एक्सपल्सचा तो २०२४ मध्येच संपला. कित्येक मालकांच्या ते लक्षातही नाही. एमएच-०४, एमएच-०५ सोडून बेंगळुरूची स्वस्त गाडी दिसली तर तिचं ना-हरकत पत्र, इथला रस्ता कर आणि नवा नंबर हे सगळं धरून हिशोब करावा, स्वस्ताई बहुधा तिथेच विरते. थकलेली ई-चलनं विकणाऱ्यासमोरच मोबाइलवर बघावीत. आणि ठरलेल्या रकमेतले थोडे पैसे आरसी आपल्या नावावर येईपर्यंत हातात ठेवावेत, याला सरळ विकणारा नाही म्हणत नाही.