रंगांकडून सुरांकडे: हॅरियट, डिसिल्वा आणि फ्रिझेल

१९६९ साली लंडनमध्ये ‘हम दोनो’ नावाची एक जॅझ रेकॉर्ड निघाली. गिटार होती अमान्सिओ डिसिल्वा यांची. मुंबईत जन्मलेला हा गोवेकर दोनच वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला होता. सॅक्सोफोनवर होते जमैकाचे जो हॅरियट.

हॅरियट यांनी १९६० च्या सुमारास ठरलेली चाल, ठरलेला ठेका सोडून वाजवायला सुरुवात केली आणि त्या संगीताचं नातं थेट अमूर्त चित्रकलेशी जोडलं. एका रेकॉर्डचं नावच ‘ॲब्स्ट्रॅक्ट’! अशा माणसासोबत डिसिल्वा बसले, तेव्हा त्यांच्या गिटारीत भारतीय सुरावटी होत्या. ‘हम दोनो’मधली ‘बॅलड फॉर गोवा’ नक्की ऐका. गिटार सॅक्सोफोनची निव्वळ साथ करत नाही, बरोबरीनं बोलते.

एखाद्या चित्रकाराची चित्रंच समोर ठेवून केलेलं गिटारसंगीत हवं असेल, तर गिटारवादक बिल फ्रिझेल यांचं ‘रिख्टर ८५८’ गाठावं. गेऱ्हार्ड रिख्टर या जर्मन चित्रकाराची ॲल्युमिनियमवरची आठ अमूर्त चित्रं, आणि त्यांवर आठ रचना. रिख्टर यांनी ओल्या रंगावरून लांब पट्टी ओढली आहे. वरचा थर खरवडला जातो, खालचा मधूनच डोकावतो. फ्रिझेल यांची गिटार व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासोबत तेच करते. पहिलीच रचना कर्कश वाटेल, पण थांबू नका. चित्रं समोर उघडून, मोठ्या आवाजात ऐका.